एक्लॅम्पसियाची रुग्ण, चौदा अँप्युल आणि चॅटबॉट: नर्सिंगच्या वर्गातलं एक प्रकरण

लेबर रूममध्ये आकडी आलेली रुग्ण येते तेव्हा विद्यार्थिनी भिंतीला टेकून उभी असते. तेच बरोबर आहे, कारण त्या दहा मिनिटांत तिला शिकवत बसायला कोणत्याही सिस्टरला वेळ नसतो. पण याचा परिणाम असा की प्रसूतिशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी सोडवलेली मुलगी नोकरीच्या पहिल्या महिन्यात एकटी नाइट ड्यूटीला असते आणि आकडी थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा लोडिंग डोस, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस, तिनं हातानं एकदाही भरलेला नसतो. क्लिनिकल पोस्टिंगमध्ये एक्लॅम्पसिया (गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबासोबत येणारी आकडी) मागून मिळत नाही. ही पोकळी भरायला एआय साधनांचा उपयोग होतो का, झाला तर कुठवर, हे इथे एकाच केसच्या आधारानं मांडलं आहे. रुग्ण वर्गासाठी रचलेली आहे. डोस, अँप्युल आणि चुका मात्र वॉर्डात भेटतात त्याच आहेत.

वर्ग बीएस्सी नर्सिंगचा, साठ जणींचा. भारतीय परिचर्या परिषदेच्या सेमिस्टर अभ्यासक्रमात मिडवायफरी सहाव्या आणि सातव्या सेमिस्टरला येते, त्यामुळे मुलींना औषधशास्त्र आणि वॉर्डची शिस्त आधीच माहीत असते. स्किल लॅबमध्ये मॅनिकिन एक, शिकवायला दोन मॅडम आणि हाताशी नव्वद मिनिटं.

रुग्ण

वय २२, पहिलटकरीण, ३६ आठवडे, बाळंतपणाला माहेरी आलेली. दुपारी घरी एकदा आकडी आली. ४ वाजून २० मिनिटांनी उपजिल्हा रुग्णालयात आणली. बीपी १७०/११२, लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस, गुंगीत आहे पण हाकेला ओ देते. सोबत आई. डॉक्टर सिझरमध्ये अडकलेले, फोनवर मिळतात.

औषध म्हणून मॅग्नेशियम सल्फेटच का, हे वर्गाला थोडक्यात सांगणं आवश्यक असतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे आकडी येण्याआधीच्या अवस्थेत, हे औषध दिल्यावर आकडी येण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. औषध स्वस्त आहे आणि देता येण्यासारखं आहे. अवघड आहे तो हिशेब, आणि त्याहून अवघड आहे ती डोसनंतरची देखरेख.

नुसतं विचारलं की काय मिळतं

कोणत्याही चॅटबॉटला ‘एक्लॅम्पसियावर नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी केस तयार करा’ एवढंच सांगितलं तर मिनिटभरात छान बांधलेली केस येते. धोका त्या छानपणातच आहे. तिच्यात बहुधा असं असतं: शिरेतून ४ ते ६ ग्रॅम १५ ते २० मिनिटांत, मग पंपावर ताशी १ ते २ ग्रॅम, तयार मिश्रणाची पिशवी, दर काही तासांनी रक्तातली मॅग्नेशियमची पातळी, आणि बिघाड झाला तर तातडीच्या पथकाला हाक. यातलं काहीही चूक नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयात असंच चालतं, आणि ही साधनं ज्या मजकुरावर शिकली त्यात इंग्रजी, त्यातही अमेरिकी मजकूर भरपूर आहे. आपल्या उपजिल्हा रुग्णालयात मात्र पंप नसतो, पातळी तपासायची सोय नसते. ट्रेमध्ये २ मिलिच्या अँप्युलचा खोका असतो आणि प्रोटोकॉल प्रिचर्डचा, म्हणजे थोडं औषध शिरेतून आणि बाकीचं स्नायूत देण्याचा.

खोटी माहिती शिक्षिकेच्या डोळ्यांत चटकन भरते. परक्या ठिकाणची खरी माहिती भरत नाही, म्हणून ती जास्त त्रास देते. हाच प्रकार इतरत्रही होतो. इन्सुलिनचं उदाहरण घेतलं तर साधन १०० युनिट प्रति मिलि धरून चालतं, आपल्या वॉर्डात ४० युनिटची व्हायल आणि लाल टोपणाची सिरिंज असते. ४० ची सिरिंज घेऊन १०० च्या व्हायलमधून २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं तर ते अर्धा मिलि भरतं, म्हणजे २० च्या जागी ५० युनिट. ड्रिपच्या थेंबांचंही तसंच. इंग्रजी सरावप्रश्नांत १० किंवा १५ थेंबांना १ मिलि धरलेला असतो, आपला साधा आयव्ही सेट बहुतेक २० थेंबांचा. गणिताची रीत बरोबर, उत्तर वॉर्डात चुकीचं.

साधनाला बांधून घेणं

म्हणून पहिली सूचना ‘केस लिही’ ही नसते. आधी तीन गोष्टी गोळा करायच्या: रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये लावलेल्या प्रोटोकॉलचं पान, स्टोअरमध्ये आत्ता असलेल्या अँप्युलच्या लेबलवरचा मजकूर, आणि ड्यूटीवर खरोखर कोण असतं त्याची यादी. नोटबुकएलएमसारखं साधन आपण चढवलेल्या कागदांवरूनच उत्तर देतं आणि कुठल्या भागावरून दिलं तेही दाखवतं. डोसचा भाग तिथे करणं सोयीचं जातं. संवादासाठी साधा चॅटबॉट चालतो. त्याला द्यायची सूचना साधारण अशी:

‘उपजिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूममधली शिकवणीची केस लिही. औषध: मॅग्नेशियम सल्फेट ५० टक्के, २ मिलिचं अँप्युल, एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम. इन्फ्यूजन पंप नाही, रक्तातली मॅग्नेशियमची पातळी तपासायची सोय नाही. जोडलेल्या प्रोटोकॉलबाहेरचा एकही डोस लिहू नकोस. एखादी गोष्ट त्यात नसेल तर तसं स्पष्ट लिही. केस तीन टप्प्यांत उलगड. विद्यार्थिनीनं विचारल्याशिवाय बीपी, लघवीचं प्रमाण, श्वास, नी जर्क (गुडघ्यावर हॅमर मारल्यावर पायाला बसणारा झटका) यांपैकी काहीही सांगू नकोस. डोस विचारला तर आकडा देऊ नकोस, अँप्युलवर काय लिहिलंय ते तिलाच विचार. शाबासकी देऊ नकोस.’

शेवटचं वाक्य किरकोळ वाटेल, पण ते काढलं तर फरक लगेच दिसतो. ही साधनं समोरच्याच्या होकारात होकार मिसळतात. अर्धवट उत्तरालाही ‘उत्तम विचार!’ म्हणतात, आणि मुलगी पुढे शोधायचं थांबवते.

आईची भूमिका लिहिताना आणखी एक गोष्ट सुधारावी लागते. साधनाची ‘आई’ पहिल्याच प्रश्नाला ‘तिला कालपासून तीव्र डोकेदुखी आणि दृष्टिदोष आहे, तसेच पोटाच्या वरील भागात वेदना होत आहेत’ असं पुस्तकातलं उत्तर देते, मध्येच हिंदी वळणाचा शब्दही येतो. लेबर रूमच्या दारातली आई असं बोलत नाही. तिच्या तोंडी घालायची वाक्यं शिक्षिकेनंच पाच-सहा लिहून द्यावीत: ‘कालपासनं डोकं धरून बसली होती, आम्ही म्हटलं पित्त झालं असंल.’ ‘डोळ्यापुढं अंधारी येतीय म्हणली, म्हटलं उपाशी असंल.’ ‘पायाला सूज तर सगळ्याच बायकांना येती ना?’ यातून धोक्याची तिन्ही लक्षणं बाहेर काढणं हेच विद्यार्थिनीचं काम आहे. ‘मावशी, पित्ताची गोळी दिली होती का? मग दुखणं थांबलं का?’ असा पुढचा प्रश्न जिला सुचला, तिचं इतिहास घेण्याचं कौशल्य तयार होतंय असं समजावं.

हिशेब आधी कागदावर

केस वर्गात नेण्यापूर्वी दोघी मॅडमनी वेगवेगळं बसून सगळे आकडे हातानं काढायचे आणि मग ताडून पाहायचे. साधनानं केलेला गुणाकार दहादा बरोबर आला म्हणून अकराव्यांदा येईलच असं नाही. प्रश्नाची शब्दरचना बदलली की उत्तर बदललेलं दिसू शकतं.

प्रिचर्ड पद्धतीनं लोडिंग डोस एकूण १४ ग्रॅम: ४ ग्रॅम शिरेतून, १० ग्रॅम स्नायूत. ५० टक्के म्हणजे १०० मिलिमध्ये ५० ग्रॅम, म्हणजेच १ मिलिमध्ये अर्धा ग्रॅम. शिरेतल्या ४ ग्रॅमसाठी चार अँप्युल, ८ मिलि. हे तसंच द्यायचं नाही. त्यात १२ मिलि डिस्टिल्ड वॉटर घालून २० मिलि करायचं, म्हणजे २० टक्क्यांचं द्रावण होतं. ते प्रोटोकॉल सांगेल तसं ५ ते २० मिनिटांत सावकाश द्यायचं. स्नायूतले १० ग्रॅम म्हणजे दोन्ही कुल्ल्यांत खोलवर पाच-पाच ग्रॅम, प्रत्येकी पाच अँप्युल, १० मिलि, आणि त्याच सिरिंजमध्ये २ टक्के लिग्नोकेन १ मिलि. हे पातळ करायचं नाही, ५० टक्केच जातं. एकूण चौदा अँप्युल.

चुका ठरावीक जागी होतात. पहिली, ‘५० टक्के’ वाचून १ मिलि म्हणजे १ ग्रॅम धरणं. मग अर्धाच डोस जातो. दुसरी जास्त फसवी: ८ मिलिमध्ये १२ ऐवजी २० मिलि पाणी घालणं, कारण डोक्यात ‘वीस’ बसलेलं असतं. आता द्रावण २८ मिलि झालं, ताकद १४ टक्क्यांच्या आसपास. ‘२० मिलि द्यायचं’ हे पाठ असल्यानं त्यातलं २० मिलिच दिलं तर रुग्णाला २.९ ग्रॅमच्या जवळपासच औषध मिळतं. हीच चुकीची रीत ठामपणे चॅटबॉटला सांगून ‘बरोबर ना?’ विचारून बघा. पक्क्या सूचना दिलेल्या नसतील तर कधी तो चूक पकडतो, कधी नुसता होकार देतो. वर्गासमोर हा प्रयोग मुद्दाम करून दाखवावा. ‘एआयवर आंधळा विश्वास ठेवू नका’ हे शंभरदा सांगून जे पोचत नाही ते एवढ्यानं पोचतं.

नव्वद मिनिटं

सहा-सहा जणींचे दहा गट. पहिली दहा मिनिटं फोन बंद. प्रत्येकीनं एकटीनं कागदावर लिहायचं: दारातून रुग्ण आली, पहिल्या पाच कृती कोणत्या आणि कोणत्या क्रमानं? उत्तरं यांतूनच यायला हवीत: डाव्या कुशीवर वळवणं, श्वासमार्ग मोकळा ठेवणं, ऑक्सिजन, मदतीला हाक, बीपी, आयव्ही लाइन, कॅथेटर. हे कागद गोळा करून ठेवायचे. ही दहा मिनिटं वाचवायचा मोह होतो, कारण मुलींना फोन उघडायची घाई असते. ती वाचवली तर पुढचं सगळं वाचन होतं, विचार होत नाही. कारण साधनाचं नीटनेटकं उत्तर आधी डोळ्यांसमोर आलं की आपल्याला काय येत नव्हतं हेच कळेनासं होतं.

मग एका गटाला एक फोन. पहिला टप्पा आईशी बोलण्याचा. दुसऱ्या टप्प्यात फोन बाजूला ठेवून टेबलाशी यायचं. पाणी भरलेली, ‘फक्त सरावासाठी’ असं ठळक लेबल लावलेली अँप्युल आणि सिरिंज तिथे असतात. सरावाची अँप्युल रुग्णालयाच्या स्टोअरजवळसुद्धा ठेवायची नाहीत, आणि तास संपल्यावर मोजून परत घ्यायची. चौदा अँप्युलच्या माना मोडून औषध ओढायला किती वेळ लागतो हे हातांनाच कळावं लागतं. ११ मिलि औषध १० मिलिच्या सिरिंजमध्ये नीट मावत नाही, २० मिलिची घ्यावी लागते, हेही तिथेच कळतं. एकीनं भरायचं, दुसरीनं मोठ्यानं अँप्युल मोजायची आणि रिकामी अँप्युल ट्रेमध्येच ठेवायची, फेकायची नाही. कुठलाही पडदा हे शिकवू शकत नाही, आणि त्यानं शिकवावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

तिसरा टप्पा या केसचा गाभा आहे. रात्रीचे पावणेनऊ. लोडिंग डोसला चार तास झाले, आता पुढचे ५ ग्रॅम एका कुल्ल्यात द्यायची वेळ. साधनाची आई म्हणते, ‘आत्ता कुठं शांत झोपलीय लेक, उठवू नका सिस्टर.’ युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीत, चार तासांत ७० मिलि. श्वास मिनिटाला १३. नी जर्क नाही. पण यातलं काहीच साधन आपणहून सांगत नाही. तपासलं तरच कळतं.

डोस देण्याआधीच्या तीन अटी मुलींना पाठ असतात: नी जर्क हवा, श्वास किमान १६ हवा, लघवी मागच्या चार तासांत ताशी किमान ३० मिलि हवी. मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. लघवी कमी म्हणजे औषध साचतंय. आधी प्रतिक्षिप्त क्रिया जाते, मग श्वास मंदावतो. अटी तोंडपाठ असूनही चार्टवरची वेळ आणि ‘शांत झोपलीय’ हे वाक्य मिळून डोस द्यायला लावतात. ज्या गटानं न तपासता डोस दिला, त्यांना साधन पुढे श्वास ९ वर आलेला दाखवतं. ज्यांनी तपासलं त्यांनी डोस थांबवायचा, डॉक्टरांना फोन करायचा, मॅग्नेशियमवरचा उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलि, म्हणजे १ ग्रॅम, आदेशानुसार शिरेतून सावकाश द्यायची तयारी करायची आणि अंबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) उशाशी आणायची.

फोनवरच्या डॉक्टरांची भूमिका पुन्हा साधनाकडे. इथे त्याचा उपयोग सगळ्यात मोठा आहे, आणि हे मनापासून सांगावंसं वाटतं. घाईत असलेल्या डॉक्टरांना तीस सेकंदांत नीट माहिती देणं हे मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी हुशार मुलींना जड जातं. बॅचसमोर बोलताना त्या गप्प होतात. चॅटबॉटसमोर तीच मुलगी चार-पाचदा सराव करते, मराठीत मांडते, मग इंग्रजीत, कुणी हसत नाही. ‘सर, लेबर रूममधून बोलतेय, बेड तीनची एक्लॅम्पसियाची पेशंट, मॅगसल्फचा पुढचा डोस थांबवलाय. नी जर्क नाही, रेस्पिरेशन १३, चार तासांत युरिन ७० मिलि. कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवलंय, तुम्ही लगेच येऊ शकता का?’ परिस्थिती, पार्श्वभूमी, निरीक्षण, विनंती हा एसबीएआरचा क्रम यात बसतो. पार्श्वभूमीत लोडिंग डोसची वेळ राहिली, ती साधनानं प्रश्न विचारून दाखवून द्यायची. तेवढी सूचना त्याला आधी दिलेली असावी.

वेळ उरला तर एक वळण द्यावं. तीच रुग्ण, पण हातात प्राथमिक आरोग्य केंद्राची रेफरल चिठ्ठी: ‘३.१० वाजता मॅगसल्फ ५+५ ग्रॅम आयएम (स्नायूत) दिले.’ चिठ्ठी आईच्या पिशवीत आहे आणि विचारल्याशिवाय ती काढत नाही. न विचारता पूर्ण लोडिंग दिलं तर बेरीज २४ ग्रॅम होते. इथे बरोबर कृती एकच: वेळ आणि प्रमाण डॉक्टरांना सांगून पुढचा आदेश घेणं.

जिथे बिघडतं

सगळ्यात गंभीर बिघाड वर्गाबाहेर होतो. केस आवडली की मुली पोस्टिंगमधल्या खऱ्या रुग्णाचा केसपेपर फोटो काढून चॅटबॉटला देतात आणि केअर प्लॅन मागतात. नाव खोडलं तरी गाव, वय, तारीख, नोंदणी क्रमांक राहतो. रुग्णाची माहिती तिच्या संमतीशिवाय बाहेरच्या कंपनीच्या साधनाकडे जाणं हा गोपनीयतेचा भंग आहे, आणि डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली देशात कायदाही झाला आहे. नियम साधा ठेवावा: वॉर्डातला एकही कागद, फोटो, रिपोर्ट कोणत्याही एआय साधनात नाही. सरावाला रचलेल्या केस पुरेशा आहेत.

दुसरा बिघाड जर्नलमध्ये दिसतो. वीस मुलींचे केअर प्लॅन एकाच घडणीचे, मागे संदर्भग्रंथांची यादी, आणि यादीतली एक-दोन पुस्तकं किंवा लेख अस्तित्वातच नाहीत. साधन खऱ्यासारखे दिसणारे संदर्भ रचतं. पकडापकडीची सॉफ्टवेअर इथे भरवशाची नाहीत. त्यापेक्षा व्हायव्हात एकच प्रश्न विचारावा: ‘हे नर्सिंग डायग्नोसिस रुग्णाचा कोणता आकडा किंवा कोणतं बोलणं ऐकून लिहिलंस?’ रुग्ण जिनं पाहिली ती उत्तर देते.

मूल्यमापन साधनाकडे अजिबात सोपवू नये. औषध भरताना हात कसा चालतो, नी जर्क खरंच तपासला की हॅमर नुसता टेकवला, आईशी बोलताना नजर कुठे होती, हे ऑस्कीच्या, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेच्या, चेकलिस्टवर डोळ्यांनीच पाहावं लागतं. हिशेबासाठी पाच प्रश्नांचा एक छोटा पेपर तासाआधी घ्यावा आणि त्याच धर्तीचा, आकडे बदललेला, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावा. लगेच घेतलेल्या पेपरात सगळ्याच उजळ दिसतात. पहिल्या दहा मिनिटांत गोळा केलेले कागद चर्चेच्या वेळी परत द्यावेत आणि प्रत्येकीनं आपल्याच क्रमात काय बदललं ते लाल पेननं लिहावं.

इंटरनेट गेलं तर? सरकारी कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये ते जातंच. आईची आणि डॉक्टरांची वाक्यं, टप्प्याटप्प्याचे आकडे यांची छापील प्रत जवळ असली की एक मॅडम आई होते, दुसरी डॉक्टर, आणि तास थांबत नाही.

केसच्या फाइलवर चार नोंदी कायम असाव्यात: प्रोटोकॉलची तारीख, वापरलेलं साधन, आकडे तपासणाऱ्या दोघींच्या सह्या, आणि अँप्युलची ताकद व आकार. शेवटची नोंद दर सेमिस्टरला स्टोअरमध्ये जाऊन पुन्हा बघायची. पुरवठादार बदलून वेगळ्या ताकदीचं किंवा वेगळ्या आकाराचं अँप्युल आलं असेल, तर ‘चार अँप्युल, ८ मिलि’ हे वाक्य त्या दिवसापासून चुकीचं असतं आणि केस पुन्हा लिहूनच वर्गात न्यावी लागते.